लांब शब्दाला भिऊ नका, त्याची फोड करा!

इंग्रजी शब्द जितका लांब, तितका आपला माणूस त्याच्यापासून दूर उभा राहतो. बँकेची नोटीस असो, बिल्डरचा करारनामा असो, महानगरपालिकेचे पत्र असो वा न्यायालयाचा निकाल असो. शब्द जरा लांबला की वाचणारा थांबतो आणि "वकीलसाहेब, तुम्हीच काय ते सांगा" म्हणून कागद आमच्यापुढे सरकवतो. कागद वाचून सांगणे हा आमचा व्यवसायच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. जो शब्द न वाचता आपण पुढे सरकवतो, पुष्कळदा नेमका त्याच शब्दात आपला हक्क लिहिलेला असतो. हक्क आपला, कागद आपला आणि चावी मात्र दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. लांब शब्दाची फोड करायची. आधी उच्चारासाठी, मग अर्थासाठी. ही विद्या आपल्या घराघरात, विहाराविहारात गेली पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

विरार पूर्वेला पापडखिंड धरणाच्या बाजूला फुलपाडा ही वस्ती आहे. मुंबईच्या चाळींतून, कोकणातून, मराठवाड्यातून आलेली आपली अनेक कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली. आईबाप पहाटेची चर्चगेट लोकल पकडणारे आणि मुले सेमी-इंग्रजी नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी. रविवारी या मुलांबरोबर बसतो तेव्हा आम्ही पहिला शब्द इंग्रजीतला घेतच नाही. 'फुलपाडा' हाच घेतो. याचे तुकडे किती? दोन, असे कोणतेही पोर सांगते. मग फळ्यावर मनवेलपाडा लिहायचे, गोपचरपाडा लिहायचे. शेवटचा तुकडा ओळखीचा झाला की नवा शब्द अर्धा ओळखीचा होतो, हे मुलांना तिथल्या तिथे कळते. इंग्रजीचे लांब शब्दही अशाच वस्त्यांसारखे असतात. 'शन', 'इटी', 'एबल', 'मेंट' हे त्यांचे पाडे!

दुसरा शब्द आम्ही पंचशीलातला घेतो. 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना'. मोजून बारा अक्षरे! चार वर्षांचे लेकरू आईच्या मांडीवर बसून हा शब्द न अडखळता म्हणते. कसे म्हणते? तुकड्या-तुकड्याने. सुरा, मेरय, मज्ज, पमाद, ट्ठान. पहिले तीन तुकडे मादक पेयांचे, चौथा गाफीलपणाचा, पाचवा स्थानाचा. नशा आणणारी पेये हे गाफीलपणाचे स्थान आहे, एवढा सगळा आशय या एका शब्दात भरलेला. ज्या समाजाची मुले हा शब्द रोज म्हणतात, त्या समाजाने 'अनटचेबिलिटी' या सहा तुकड्यांच्या शब्दापुढे मान खाली घालावी, याला काय म्हणावे?

शब्दाची फोड करणे ही या देशात नवी विद्या नाही. पदच्छेद, संधिविच्छेद, व्युत्पत्ती यांचे शास्त्र इथे अडीच हजार वर्षांचे आहे. पण ते कोणाच्या ताब्यात होते? शाळेत संस्कृत शिकू इच्छिणाऱ्या भीमरावांना ती भाषा नाकारली गेली आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, हा इतिहास आपल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. दार बंद केले म्हणून बाबासाहेब बाहेर बसून राहिले नाहीत. त्यांनी पुढे पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश हाती घेतला. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केलेला त्यांच्या लेखन आणि भाषणांचा सोळावा खंड तोच आहे. घटना लिहिणारा माणूस एकेका पाली शब्दाचा अर्थ इंग्रजीत, मराठीत, हिंदीत, गुजरातीत मांडत बसला होता. शब्दाची फोड हे पंडितांचे काम आहे असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी तो खंड एकदा उघडून पाहावा.

आणि विरारकरांना तर लांब जायलाच नको. शेजारचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच मिळाला. त्या शिलालेखाचा विषय असा, की पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजमजेला जात, त्याला 'विहारयात्रा' म्हणत. अशोकाने ती सोडली आणि 'धम्मयात्रा' सुरू केली. शब्दाचा पहिला तुकडा बदलला आणि राज्याची वाट बदलली! शिवाय तो लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहे, तिच्यात प्रत्येक अक्षर म्हणजे उच्चाराचा एक घास. आपली देवनागरी तिचीच वंशज. म्हणून मराठी मुलाला शब्द उच्चारात तोडणे वेगळे शिकवावे लागत नाही. इंग्रजी लिपी तसे तोडून देत नाही, सगळी अक्षरे एका रांगेत उभी करते, म्हणून तिची भीती वाटते. तेव्हा पहिली युक्ती ही, की लांब इंग्रजी शब्द आधी देवनागरीत आडव्या रेघा देऊन लिहावा. अन्-टच्-अ-बि-लि-टी. हनुवटीखाली हात धरून म्हणावा. जबडा जितक्या वेळा खाली येतो, साधारण तितके उच्चाराचे तुकडे. या शब्दाचे सहा होतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. उच्चाराचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे एकाच ठिकाणी पडतील असे नाही. जिभेसाठी 'अनटचेबिलिटी'चे सहा तुकडे, अर्थासाठी चारच. 'अन' म्हणजे नाही, 'टच' म्हणजे स्पर्श, 'एबल' म्हणजे योग्य आणि 'इटी' म्हणजे पणा. 'एबल'ला 'इटी' जोडले की त्याचे 'एबिलिटी' होते, एवढाच काय तो बदल. आता आपला मराठी शब्द घ्या. अ, स्पृश्, य, ता. 'अ' म्हणजे नाही, 'स्पृश्' म्हणजे स्पर्श करणे, 'य' म्हणजे योग्य, 'ता' म्हणजे पणा. चार तुकड्यांना चार तुकडे, क्रमही तोच! ज्याला मराठी शब्द फोडता आला, त्याला इंग्रजी शब्द फोडून झालाच म्हणायचे.

उच्चारासाठी आणखी एक नियम मुलांना उपयोगी पडतो. मराठीत आपण सगळी अक्षरे बहुधा सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत लांब शब्दातल्या एका तुकड्यावर जोर पडतो. शेवट 'शन' असेल तर त्याच्या आधीच्या तुकड्यावर जोर. कॉन्स्टि'ट्यू'शन, रिझर्'व्हे'शन, रिप्रेझेन्'टे'शन. शेवट 'इटी' असेल तरी जोर आधीच्याच तुकड्यावर, अनटचे'बि'लिटी. एवढे जमले की मुलाखतीला बसलेला आपला मुलगा शब्द गिळून टाकत नाही, ठणकावून म्हणतो.

आता वकिलीतला रोजचा शब्द घेऊ. आमच्याकडे लोक एक चिठ्ठी घेऊन येतात. पाण्याच्या नळावर, गल्लीच्या तोंडाशी, चार लोकांसमोर जातीवाचक शिवीगाळ झालेली असते. माणूस ठाण्यात जातो, दोन तास बसतो आणि 'एन.सी.' घेऊन परत येतो. तक्रार नोंदली गेली म्हणून त्याला समाधान असते. कोणत्या ठाण्यातली चिठ्ठी हे इथे सांगण्याचे कारण नाही, कारण हे एका ठाण्याचे दुखणे नाही. 'एन.सी.' म्हणजे 'नॉन-कॉग्निझेबल'. 'नॉन' म्हणजे नाही, 'कॉग्निझ' म्हणजे जाणणे, दखल घेणे, 'एबल' म्हणजे योग्य. मराठीत अ-दखल-पात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत असा गुन्हा. आता त्या माणसाला विचारा, तुझ्यावरचा अन्याय दखल घेण्याजोगा नाही, असे लिहिलेला कागद तू समाधानाने खिशात घालून आलास काय?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ प्रमाणे लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा, म्हणजे दखलपात्र गुन्हा आहे. त्याची जागा एन.सी.च्या वहीत नाही, एफ.आय.आर.मध्ये आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ आणि १५५ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ आणि १७४ मध्ये आहे. याशिवाय २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये अधिकाऱ्याची कर्तव्येच लिहून ठेवली. तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर ती सही घेण्यापूर्वी तक्रारदाराला वाचून दाखवायची आणि नोंदीची प्रत लगेच द्यायची. वाचून दाखवताना कान उघडे ठेवा. 'नॉन' हे तीन इंग्रजी अक्षरांचे तुकडे कुठे बसले आहे, ते पाहा. त्या तीन अक्षरांनी सगळा खटला फिरतो.

याच कायद्याच्या कलम २० मध्ये आणखी एक लांब शब्द बसला आहे, 'नॉटविथस्टँडिंग'. नॉट, विथ, स्टँड, इंग. इथला 'विथ' म्हणजे 'सोबत' नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'विरुद्ध' असा होता. म्हणजे विरुद्ध उभे राहून अडवू शकत नाही, असा हा शब्द. मराठी कायद्यात आपण त्याला 'काहीही असले तरी' म्हणतो. दुसऱ्या कायद्यात याच्याशी विसंगत काही असले तरी हा कायदा वरचढ, एवढी ताकद त्या एका शब्दात आहे.

'रिझर्वेशन' हा शब्द तर आपल्या तोंडावर फेकलाच जातो. तोही फोडून पाहा. 'रि' म्हणजे मागे, 'सर्व' म्हणजे राखणे, 'एशन' म्हणजे ती क्रिया. यातला 'सर्व' हा नोकरचाकर, सेवा या अर्थाचा 'सर्व' नाही. लॅटिनमध्ये ते दोन वेगळे धातू आहेत. आपल्या 'आरक्षण' शब्दातही 'रक्ष्' म्हणजे राखणे हाच धातू. याच्या कोणत्याही तुकड्यात भीक नाही, दान नाही, मेहेरबानी नाही. वाटा राखून ठेवलेला आहे, एवढेच तो शब्द म्हणतो. कॉलेजच्या कट्ट्यावर वाद घालणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे पाठ करून ठेवावे.

काही इंग्रजी शाळांत सर्वात लांब शब्द पाठ करून दाखवण्याची हौस असते. 'न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'! पंचेचाळीस इंग्रजी अक्षरांचा हा शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी गमतीने जुळवला. मुले तो घडाघडा म्हणतात, पाहुणे टाळ्या वाजवतात. आम्ही म्हणतो, टाळ्या नंतर वाजवा, आधी फोडा. न्युमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक म्हणजे अतिसूक्ष्म, सिलिको म्हणजे दगडातली सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ आणि ओसिस म्हणजे विकार. धुळीने फुप्फुस निकामी होण्याचा रोग! वसई तालुक्यातल्या दगडखाणींत आणि खडी क्रशरवर राबणाऱ्या वडार, आदिवासी आणि आपल्या बांधवांच्या छातीत बसणारी हीच ती धूळ. डॉक्टरांच्या कागदावर 'सिलिकोसिस' किंवा 'न्यूमोकोनिओसिस' असे लिहून येते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हा व्यवसायजन्य रोग होता आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टातही तो आहे. म्हणजे भरपाईचा दावा त्या शब्दावर उभा राहतो. नुसता 'दमा आहे' म्हणून घरी बसलेल्या कामगाराला हे कोणी सांगायचे?

मात्र फोड करताना डोळे उघडे हवेत. सुरुवातीला 'अन' दिसला की तो नकारच, असे नाही. 'अंकल'मध्ये कसला नकार? महामार्गावर टँकरच्या मागे 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. 'इन' म्हणजे नाही असे धरून कोणी 'पेट न घेणारे' असा अर्थ लावला तर जीवावर बेतेल. तिथला 'इन' नकाराचा नाही. 'झटकन पेट घेणारे' असाच त्या शब्दाचा अर्थ आहे. तेव्हा फोड केली की शब्दकोश उघडून ती पडताळून घ्यायचीच.

याहून मोठा सावधपणा कायद्याच्या शब्दांना लागतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले. आज ते कलम १७ आहे. तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी हरकत काढली, की या शब्दाची व्याख्या कुठेच नाही. साथीच्या रोग्यालाही लोक शिवत नाहीत, मग त्याचे काय? नुसती अक्षरांची फोड केली तर ही अडचण खरीच वाटते. पण घटनेत तो शब्द अवतरणचिन्हात छापलेला आहे. पुढे देवराजय्या विरुद्ध पद्मण्णा या खटल्यात म्हैसूर उच्च न्यायालयाने त्याच चिन्हांकडे बोट दाखवले. इथे शब्दशः किंवा व्याकरणातली अस्पृश्यता अभिप्रेत नाही. या देशाच्या इतिहासात वाढलेली जी प्रथा आहे, तिच्याबद्दल हे कलम आहे, असे त्या न्यायालयाने सांगितले. केवढा मोठा धडा आहे हा! शब्दाचे चार तुकडे कोणत्याही व्याकरणकाराला करता येतील. पण त्या तुकड्यांत चवदार तळ्याचे पाणी आहे, काळाराम मंदिराचे दार आहे, गावाबाहेरची वस्ती आहे. तो अर्थ आपल्या पूर्वजांनी सोसून भरला आहे. फोड दार उघडते. आत काय आहे ते इतिहास सांगतो. म्हणून आपल्या मुलांना दोन्ही शिकवायचे.

बाबासाहेबांनी शब्द किती जोखून वापरले, तेही फोड केल्यावरच दिसते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ 'एन्डोगॅमी'त शोधले. 'एन्डो' म्हणजे आत, 'गॅमी' म्हणजे विवाह. जातीच्या आतच लग्न. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या भाषणाला त्यांनी सुधारणा हा शब्द दिला नाही, 'अ‍ॅनिहिलेशन' हा दिला. त्याच्या पोटात 'निहिल' आहे. लॅटिनमध्ये निहिल म्हणजे काहीच नाही. जात शून्यावर आणायची! आपण मराठीत निर्मूलन म्हणतो. निर्, मूल, मूळच राहू द्यायचे नाही. एका शब्दात शून्य, दुसऱ्यात मूळ. जातीची डागडुजी मात्र दोन्हीत कुठेही सापडत नाही.

काही मित्र म्हणतात, आता मोबाईल सगळे भाषांतर करून देतो, ही उठाठेव कशाला? मोबाईल अर्थ सांगेल, पण ठाण्यातल्या बाकावर तुमच्या वतीने 'हा शब्द खोडा' असे म्हणणार नाही. सही तुमची असते, तेव्हा वाचणारा डोळाही तुमचाच हवा.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्या वेळी पहिलीत गेलेली मुले आज आईबाप झाली आहेत. पाठांतर पुष्कळ झाले, आता फोड शिकवू या. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास एक फळा उभा करा. आठवड्याला पाच शब्द पुरेत. दोन घटनेतले, एक पोलीस ठाण्यातला, एक दवाखान्यातला, एक पंचशीलातला. आधी शेपूट ओळखा, मग तोंड ओळखा, मधला धातू शोधा, मोठ्याने म्हणा आणि शब्दकोशात पडताळा. नववी-दहावीच्या मुलींनी हा वर्ग चालवावा. आमच्या अनुभवाने सांगतो, त्या आमच्यापेक्षा चांगला चालवतात. वर्षाला अडीचशे शब्द होतात. अडीचशे शब्दांची फोड येणाऱ्या वस्तीला कोणी एन.सी.ची चिठ्ठी देऊन सहजासहजी परत पाठवू शकणार नाही.

पहिल्या रविवारी फळ्यावर 'कॉन्स्टिट्यूशन' लिहा. 'कॉन' म्हणजे एकत्र, 'स्टिट्यू' म्हणजे उभे करणे, 'शन' म्हणजे ती क्रिया. एकत्र उभे करणे. बाबासाहेबांनी आपले काम केले. उभे राहण्याचे काम आपले आहे.

जय भीम!